डोळे लाल? घसाही पाहा!

कोकण किनाऱ्यावरच्या देवबागात लाल डोळ्यांचं कुणाला नवल वाटत नाही. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. दिवसभर होडीवर काम केलं की डोळे चुरचुरणारच. म्हणूनच इथे विषाणूचा संसर्ग खाऱ्या पाण्याच्या नावावर खपून जाऊ शकतो.

खाऱ्या पाण्याची लाली गोड्या पाण्याने डोळे धुऊन रात्रभर झोप काढली की बहुधा उतरते. विषाणूची लाली बरेचदा एका डोळ्यात सुरू होते आणि एक-दोन दिवसांत दुसरा डोळा धरते. पाणी गळत राहतं, पापणीखाली खुपतं. कानाच्या भोकाच्या जरा पुढे, गालाकडे, बोटाने हलकेच दाबून पाहा. तिथे दुखरी गाठ लागली तर संशय बळावतो. जोडीला ताप आणि घसादुखी असेल, तर ते अ‍ॅडिनोव्हायरसचं ओळखीचं लक्षण, विशेषतः मुलांमध्ये. क्लोरीन कमी पडलेल्या पोहण्याच्या तलावांतून तो पसरल्याच्या नोंदी आहेत.

डोळा आणि नाक एका बारीक अश्रुनलिकेने जोडलेले असतात. डोळ्यात थेंब घातले की घशाशी कडू लागतं, ते याच वाटेने. विषाणूही याच वाटेने नाका-घशात उतरू शकतो. नेदरलँड्समध्ये २००३ साली कोंबड्यांचा फ्लू माणसांत शिरला, तेव्हा बहुतेक बाधितांचे डोळेच आले होते. एका पशुवैद्याचा मात्र न्यूमोनियाने मृत्यू झाला. गोवरातही पुरळ उठण्याआधी ताप, खोकला, सर्दी आणि लाल डोळे दिसतात.

डोळ्यांची प्रत्येक साथ श्वसनाच्या विषाणूची नसते. जुलै २०२३ मध्ये आळंदीत डोळे येण्याची मोठी साथ आली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेच्या तपासणीत एंटेरोव्हायरस सापडला. पण दोन्हींची पसरण्याची मुख्य वाट एकच: डोळे चोळलेला हात.

चतुर्थीला चाकरमानी येतात, एका घरात वीस माणसं, दोरीवर एकच पंचा. स्नॉर्केलिंगचा मुखवटाही एकाच्या तोंडावरून दुसऱ्याच्या तोंडावर जातो. अ‍ॅडिनोव्हायरस अशा वस्तूंवर अनेक दिवस तग धरतो आणि सॅनिटायझरला सहज दाद देत नाही. साबणाने हात धुणंच बरं.

बहुतेकांचे डोळे एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. दुकानातून स्टेरॉइडचे थेंब मात्र आपल्या मनाने आणू नका. डोळ्यात कळ येत असेल, उजेड सोसत नसेल किंवा अंधुक दिसत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आणि त्यांना ताप-खोकल्याचंही सांगा.