गुरुवारची सुट्टी, रविवारची उपासना

रविवारी सकाळी आकुर्डीच्या रस्त्यांवर कंपनीच्या बसगाड्या नेहमीसारख्याच धावत असतात. इथल्या एमआयडीसीतल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेचा भार वाटला जावा म्हणून वारांची वाटणी झाली आणि या पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. बाकीच्यांची पंचाईत फार तर लग्नाचा मुहूर्त काढताना होते. नगर, मराठवाडा, केरळ, तमिळनाडूहून पोटासाठी इथं आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचं तसं नाही. बायको-मुलं चर्चला आणि घरचा कर्ता फर्स्ट शिफ्टला, असं वर्षानुवर्षं चालतं.

चर्चमध्ये परंपरा आणि बदल यांवर वाद होतो तो बहुधा गाण्यांवरून. तबला-पेटीवरची भजनं बरी की ड्रम-गिटार बरं? मला हा वाद किरकोळ वाटतो. शिफ्टवाल्या माणसाचा रविवार हा खरा कसोटीचा प्रश्न आहे, कारण तिथं आवडीनिवडीला जागा नाही.

रविवारची सुट्टी हीच मुळात परंपरेचा भाग आहे का? पहिली तीनशे वर्षं ख्रिस्ती लोकांना ती नव्हतीच. रोमन अधिकारी प्लिनी याने इसवी सन ११२च्या सुमारास सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात नोंद आहे, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताची स्तुती गातात, पांगतात आणि नंतर पुन्हा एकत्र येऊन जेवतात. त्यांच्यात गुलामही होते. त्यांना सुट्टी कोण देणार? सम्राट कॉन्स्टंटाइनने ३२१ साली रविवारी विश्रांतीचा हुकूम काढला. त्यातूनही शेतकऱ्यांना वगळलं, पेरणीचा दिवस हातचा जाऊ नये म्हणून. म्हणजे मंडळीचं एकत्र जमणं आधीचं, सुट्टी फार नंतरची.

आपल्याकडे गिरणी कामगारांना रविवार मिळाला तो चर्चमुळे नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी तो मागून घेतला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी मान्य केला. रविवार हा खंडोबाचा वार, असंही लोखंड्यांनी मांडल्याचं सांगतात. आकुर्डीतही खंडोबाचं देऊळ आहे. त्याच्याही भक्तांचा वार एमआयडीसीत असाच कामात जातो. पुढे १९४८च्या कारखाना कायद्यानं ५२व्या कलमात रविवार हाच सुट्टीचा दिवस धरला, पण त्याऐवजी आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांतला एखादा देण्याची मुभा ठेवली. गुरुवार त्या मुभेत बरोबर बसला.

कॅथलिक चर्चनेही अशी मुभा दिली आहे. पूर्वी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, सकाळीच होत असे आणि प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाणीसुद्धा चालत नसे. १९५३ साली बारावे पोप पायस यांनी पाण्याची अट काढली आणि संध्याकाळच्या मिस्सेला वाट करून दिली. १९८३च्या कॅथलिक धर्मसंहितेनुसार शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते. आखातात सुट्टी शुक्रवारी असायची, तेव्हा तिथली चर्चं शुक्रवारी भरून वाहायची; गोव्यातल्या आणि वसईतल्या घरांना हे नवं नाही. या सवलतींमुळे धर्म पातळ झाला, असं कुणी म्हटलेलं माझ्या ऐकिवात नाही.

वार हलला की बाकी सगळं आपोआप सुरळीत होतं, असं मात्र नाही. औंधच्या स्पायसर विद्यापीठाचे सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट शनिवारच पाळतात आणि त्यांच्यासाठी तो वारच श्रद्धेचा गाभा आहे. त्यांना ‘गुरुवारी या’ म्हणणं उद्धटपणाच ठरेल. रविवार पाळणाऱ्या मंडळ्यांतही गुरुवारी वेगळी उपासना सुरू केली, की मंडळीचे दोन तुकडे होण्याची भीती असते. पोरांचं संडे स्कूल एकीकडे, बापाची उपासना दुसरीकडे. २०२०च्या टाळेबंदीत मोबाइलवरची उपासना घरोघर पोहोचली आणि काहींना तीच सोयीची वाटू लागली. आजाऱ्याला ती आधार आहे. पण जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात इअरफोन लावून ऐकलेलं प्रवचन म्हणजे मंडळीत बसणं नव्हे. शेजारी कोणी नाही, प्रभुभोजनाची भाकर कोणी हातावर ठेवत नाही.

माझ्या मते वेळ आणि वार सैल सोडावा, माणसांनी एकत्र जमणं सोडू नये. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन महिन्यातून एकदाच, पहिल्या रविवारी असतं. तो रविवार शिफ्टमध्ये गेला, की माणूस थेट पुढच्या महिन्यावर जातो आणि तोही कामात गेला तर त्याच्या पुढच्या. अशांसाठी गुरुवारी संध्याकाळी दुसरं प्रभुभोजन ठेवायला हरकत काय? ‘हे कुठल्या परंपरेत बसतं?’ असं मंडळीतले वडीलधारे विचारतील. येशूने शिष्यांबरोबर शेवटचं भोजन घेतलं त्याची आठवण अनेक ख्रिस्ती मंडळ्या पवित्र सप्ताहात गुरुवारी संध्याकाळीच करतात, एवढं उत्तर त्यांना पुरावं.