पावसाळाभर उभा ट्रॅक्टर सुरू होत नाही? आधी सेलचा आवाज ऐका

खरिपाची पेरणी आटोपली की अनेक ट्रॅक्टर दोन-तीन महिने जागचे हलत नाहीत. मग रब्बी ज्वारीसाठी वाफसा येतो, चावी फिरवली जाते आणि इंजिन सुरूच होत नाही. जिरायत रानातली ओल मेकॅनिकची वाट पाहत नाही. या घाईत सेल मारत राहिले, तर उरलीसुरली बॅटरीही संपते. उभ्या ट्रॅक्टरचा दोष बहुधा बॅटरीत किंवा डिझेलमध्ये असतो. कशात आहे, ते सेलच्या आवाजावरून कळते.

चावी फिरवण्यापूर्वी

इंजिन ऑइलची पट्टी काढून पाहा. पातळी वाढलेली किंवा ऑइल दुधाळ दिसले, तर आत पाणी किंवा डिझेल गेले आहे. अशा वेळी सेल मारू नका, मेकॅनिकला बोलवा. रेडिएटरचे पाणी पाहा. उंदरांनी वायरी कुरतडल्या आहेत का, एअर क्लीनरमध्ये घर केले आहे का, तेही तपासा.

१) आवाज नाही, नुसते 'टक्' होते किंवा इंजिन जड फिरते

दोष बॅटरीकडे आहे. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला असेल, तर आधी निगेटिव्ह वायर सोडवा. खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टर्मिनल धुवा. हे पाणी बॅटरीत जाऊ देऊ नका. कोरडे करून वायरी घट्ट बसवा, वर पेट्रोलियम जेली लावा. चेसिसला जोडलेली अर्थिंगची वायरही पाहा. मल्टिमीटरवर पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ च्या खाली असेल तर चार्जिंग करा. पाणी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीजवळ विडी-काडी पेटवू नका. बॅटरी चांगली असूनही आवाज नसेल, तर क्लच पूर्ण दाबून पाहा; अनेक ट्रॅक्टरमध्ये त्याशिवाय सेल लागत नाही.

२) इंजिन जोरात फिरते, पण सुरू होत नाही

सायलेन्सरकडे पाहा. धूर अजिबात नसेल, तर डिझेल इंजिनापर्यंत पोहोचत नाही. या क्रमाने तपासा:

- स्टॉपचा दांडा पूर्ण आत आहे का? केबल गंजून पंपाची लिव्हर बंद स्थितीत अडकते.
- टाकीचा कॉक उघडा आहे का?
- अर्धवट भरलेल्या टाकीत दमट हवेचे पाणी होऊन तळाशी बसते. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत पाणी काढा.
- शेवटी हवा काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप मारा आणि स्क्रू घट्ट करा.

पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते पण जळत नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करूनही तसेच राहिले, तर कॉम्प्रेशन किंवा नोझल मेकॅनिककडून तपासून घ्या.

सेल एका वेळी १० ते १५ सेकंदच मारा, मग एक-दोन मिनिटे थांबा. नाहीतर सेल तापून जळतो.

हे कधीही करू नका

खाली उभे राहून सेलवर पाना टेकवून शॉर्ट करू नका. त्या वेळी क्लचचा सेफ्टी स्विच काम करत नाही. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल, तर सुरू होताच चालू लागतो आणि मागचे चाक समोरच्या माणसावरून जाते. ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसून, न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक लावूनच सुरू करा.

पुढच्या पावसाळ्यासाठी

ट्रॅक्टर उभा करताना टाकी भरून ठेवा, सायलेन्सरचे तोंड झाका, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. दर पंधरा दिवसांनी झाकण काढून, वायर जोडून इंजिन चांगले तापेपर्यंत चालवा. वाफसा येण्याच्या आठवडाभर आधी एकदा सुरू करून पाहिले, तर दोष निघाला तरी दुरुस्तीला वेळ हाती राहतो.