दिवसाचा संदेश

लग्नाआधी मी शाळेत मराठी शिकवत होते. फळ्यावर सुविचार आणि त्याखाली दिवसाची सूचना लिहिणं माझ्याकडे असायचं. शारजात आले आणि खडू सुटला. पण गेल्या रमजानमध्ये तोच फळा नवऱ्याच्या लॅपटॉपवर भेटला.

ऑफिस लवकर सुटायचं, उरलेलं काम तो घरून कंपनीच्या युनिक्स सर्व्हरवर करायचा. एका रात्री साडेअकराला सर्व्हर देखभालीसाठी बंद झाला आणि तीन तासांचं काम वाया गेलं. "कुणी सांगितलंच नाही!" तो चिडला. सांगितलं होतं, लॉगिननंतरच्या संदेशाच्या पहिल्याच ओळीत! त्याखाली स्वागत, नियम, संपर्क अशा साठेक ओळी. त्याच्या पडद्यावर मावत होत्या २४. ८० अक्षरं, २४ ओळी हे जुन्या टर्मिनलचं माप. बाकीच्या सर्रकन वर गेल्या. मागे सरकवून कोण बघतं?

मग त्याने मला समजावलं. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये जन्मलं. एकाच यंत्रावर अनेकजण काम करायचे, म्हणून सगळ्यांसाठी एक सूचनाफलक: 'मोटड', म्हणजे 'मेसेज ऑफ द डे'ची आद्याक्षरं. पासवर्डआधी दिसते ती 'इश्यू' नावाची फाईल. ती दारावरची पाटी, तर मोटड आतला फळा. कुणाला कंटाळा आला तर त्याने आपल्या खात्यात 'हशलॉगिन' नावाची रिकामी फाईल ठेवायची, की फळा गप्प!

"मग पानापानाने दाखवा ना," मी म्हटलं. तसा 'मोर' हा आदेश आहेच. पडदाभर मजकूर दाखवून थांबतो, स्पेसबार दाबला की पुढे जातो. पण रात्री एक यंत्र दुसऱ्यात लॉगिन करून फाईली नेतं, तेव्हा स्पेसबार कोण दाबणार? काम अडून बसतं. म्हणून समोर माणूस आहे का, हे आधी तपासावं लागतं.

माझ्यातली बाई जागी झाली. "नियम वेगळ्या फाईलमध्ये टाका, इथे फक्त तिचं नाव द्या. महत्त्वाचं सगळ्यात शेवटी, जिथे कर्सर लुकलुकतो त्याच्या वर. आणि वेळ दोन्हीकडची लिहा. इथे साडेअकरा, तेव्हा पुण्यातल्या सहकाऱ्यांकडे रात्रीचा एक." त्याने तसं कळवलं. आता संदेश सहा ओळींचा आहे.

त्याच आठवड्यात आईचा व्हॉट्सॲपवरचा लांबलचक सुविचार मी दोन दिवसांनी पूर्ण उघडला. तळाशी होतं: 'बाबांना चक्कर आली होती. सलाईन लावलं. आता घरी आहेत.' पोटात गोळा आला. टर्मिनलवर शेवटची ओळ उरते, फोनवर पहिली!

लगेच फोन लावला. "आई, बाबांचं आधी लिहायचं गं!"

"तू एकटी तिकडे," ती म्हणाली, "एकदम वाचून घाबरली असतीस. म्हणून खाली लिहिलं."

आता मी आईचे सुविचार शेवटच्या ओळीपर्यंत वाचते.