गवंड्याच्या हातावरचं क्रोमियम

आमच्या चांदे गावाच्या आसपास, हिंजवडीच्या ओढीनं, भराभर इमारती उभ्या राहिल्या. या कामांवरच्या गवंड्यांचे हात कधी पाहिलेत? पेरांना भेगा, कातडी सोललेली. ‘सिमेंटनं हात खाल्ले’ म्हणतात, खोबरेल चोळतात आणि पुन्हा घमेल्यात हात घालतात. ओलं सिमेंट चुन्यासारखं जहाल, ते कातडी भाजतंच. पण पुन्हापुन्हा उठणारा चिवट इसब अनेकदा क्रोमियममुळे असतो.

क्रोमियम म्हटलं की आपल्याला चकाकणारा नळ आठवतो. तो मुलामा शुद्ध धातूचा. त्याला हात लावून काही बिघडत नाही. व्होकलँ या फ्रेंच रसायनज्ञानं १७९७ मध्ये हे मूलद्रव्य शोधलं. त्याच्या संयुगांचे रंग पाहून, ‘रंग’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याचं नाव पडलं. माणकाची लाली आणि पाचूची हिरवाई, दोन्ही त्याचीच देणगी. माझ्यातल्या कवीला इथंच रेंगाळायला आवडलं असतं.

पण संयुगांत त्याची दोन रूपं महत्त्वाची. त्रिसंयुजी क्रोमियम पेशीत सहजी शिरत नाही. चामडं कमावायला तेच वापरतात. षट्संयुजी मात्र सल्फेटसारखं दिसतं, म्हणून पेशी त्याला ओळखीचा पाहुणा समजून दार उघडते. आत गेल्यावर ते डीएनएला इजा करतं. मुलामा देण्याच्या टाकीत बहुधा हेच असतं. तिची वाफ वर्षानुवर्षं हुंगणाऱ्या कामगारांच्या नाकाच्या पडद्याला भोक पडतं, फुप्फुसाचा कर्करोगही होतो. त्यामुळे नुसतं ‘क्रोमियम आहे’ म्हणून भागत नाही. कोणतं, हे विचारावं लागतं.

सिमेंटचा कच्चा माल म्हणजे चुनखडी आणि माती. त्यात किंचित त्रिसंयुजी क्रोमियम असतं. भट्टीच्या १४५० अंशांच्या आसपासच्या उष्णतेत त्यातलं काही षट्संयुजी होतं आणि पाणी पडताच विरघळून कातडीत उतरतं. एकदा ॲलर्जी जडली की मग अगदी थोडंही पुरतं.

उपाय साधा आहे. सिमेंटमध्ये थोडा हिराकस मिसळला, की षट्संयुजी पुन्हा त्रिसंयुजी होतं. युरोपीय संघानं २००५ पासून सिमेंटमधल्या विद्राव्य षट्संयुजी क्रोमियमवर दहा लाखांत दोन भाग अशी मर्यादा घातली, ती या हिराकसाच्या भरवशावर.

आपल्याकडे बांधकाम काढणाऱ्यानं निदान गवंड्याला लांब बाह्यांचे रबरी हातमोजे द्यावेत आणि हात धुवायला स्वच्छ पाणी ठेवावं. चामड्याचे मोजे नकोत. ते ओल शोषून घेतात, आणि बहुतेक कमावलेलेही क्रोमियमनंच असतात!