तेच औषध, पण गोळी आणि इंजेक्शनमध्ये एवढा फरक का?



रक्ताभिसरणाचा पाठ चालू असताना पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, आजोबा घरी तीच गोळी घेतात, मग दवाखान्यात सुई का टोचली?" हे उत्तर मोठ्यांनाही माहीत हवं.

'हार्ट फेल्युअर' म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप अशक्त होतो, मग पायांत आणि फुप्फुसांत पाणी साचतं, दम लागतो. ते पाणी लघवीवाटे काढायला फ्युरोसेमाइड, म्हणजे आपल्याकडची लॅसिक्स, देतात.

गोळी पोटात विरघळून आतड्यातून रक्तात जाते. परिणाम सुरू व्हायला 30 ते 60 मिनिटं लागतात आणि सरासरी निम्मंच औषध रक्तात पोचतं. शिरेतलं इंजेक्शन थेट रक्तात, म्हणून साधारण 5 मिनिटांत काम सुरू.

मुलांना मी असं सांगितलं: डोंबिवलीहून ठाण्याला गोळी शिळफाट्याने बसने जाते, इंजेक्शन फास्ट लोकलने. एरवी बसही पोचवते. पण आजार वाढला की आतड्यालाही सूज येते, म्हणजे शिळफाट्यावरच ट्रॅफिक जाम!

तिसरी वाट जिभेखालची. सॉर्बिट्रेट गिळली तर बरंचसं औषध यकृतातच नष्ट होतं. जिभेखाली ठेवली तर ते तिथूनच रक्तात जातं आणि काही मिनिटांत परिणाम दिसतो. मात्र तिने रक्तदाब उतरतो, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं असेल तरच घ्यायची.

हे मला उशिरा कळलं. दोन वर्षांपूर्वी कल्याणला रात्री बाबांना आडवं झालं की धाप लागायची. आम्ही एक जादा गोळी दिली आणि तासभर वाट बघत बसलो. दवाखान्यात इंजेक्शन दिल्यावर अर्ध्या तासात लघवी झाली, श्वास जरा मोकळा झाला. बाबा वाचले, पण त्या तासाची रुखरुख अजून जात नाही.

म्हणून लक्षात ठेवा, रोजची गोळी बिनकामाची नाही. पाणी साचू नये म्हणून तीच लागते, मनाने बंद करू नका. पण अचानक धाप लागली तर जादा गोळी देऊन थांबू नका. रुग्णाला टेकून बसवा, 108 ला फोन करा, औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.

उपक्रम: मुलांकडून घरातल्या आजी-आजोबांच्या औषधांची यादी आणि 108 हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून घ्या आणि कपाटावर चिकटवायला सांगा.