स्वस्तात मिळणारी जुनी टर्बो गाडी

घरात चारचाकी घ्यायची ठरली की दोन पक्ष पडतात. अब्बांचे म्हणणे, साधी गाडी घ्या, कोणत्याही गल्लीतला मिस्त्री दुरुस्त करेल. मुलगा मोबाइलवर जाहिरात दाखवतो: २०१४ ची फोक्सवॅगन व्हेंटो टीएसआय, पेट्रोल, ऑटोमॅटिक, एकच मालक. किंमत पाहिली तर नव्या छोट्या गाडीच्या निम्मीसुद्धा नाही. अम्मी डिकीत किती सामान बसेल ते विचारते आणि ती डिकी खरोखरच मोठी असते. निम्मा निकाल तिथेच लागतो.

आपल्या अनेक घरांत व्याजाचे कर्ज नको म्हणून गाडी रोखीने घेतली जाते. थोडी बचत, थोडे भिशीचे, मोठ्या भावाने आखातातून पाठवलेले काही, असे पैसे जमतात आणि तेवढ्यात बसणारी ‘भारी’ गाडी जुनीच असते. यात वावगे काही नाही. अडचण अशी की सगळी रक्कम गाडीच्या किमतीतच संपते आणि चार महिन्यांनी गिअरबॉक्सने मान टाकली की हातात काहीच उरत नाही. जुनी टर्बो सेडान स्वस्त असते, कारण आधीच्या मालकाने टाळलेला खर्च बहुतेक वेळा तिच्यात तसाच बसलेला असतो. तो किती आहे हे घेण्याआधी शोधायचे असते.

पुण्याला या गाड्या परक्या नाहीत. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना २००९ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी तिथली व्हेंटो बाजारात आली. तिचे १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन २०१३ मध्ये आले. शिरूरकडे जाताना लागणाऱ्या रांजणगावात फियाटची लिनिया तयार होत असे. तिचे १.४ लिटरचे टी-जेट हे टर्बो रूप २०१० चे, ताकद ११४ अश्वशक्तीच्या आसपास. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, स्कोडाने त्याही आधी, २००४ मध्ये, ऑक्टाव्हिया आरएस आणली होती. ती आता हौशी लोकांची गाडी झाली आहे. घरासाठी जुनी टर्बो सेडान पाहणाऱ्याच्या समोर साधारणपणे व्हेंटो, तिची बहीण रॅपिड किंवा लिनिया येते.

टर्बो म्हणजे काय ते आधी पाहू. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक छोटे चक्र फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. जास्त हवा, जास्त पेट्रोल, म्हणून लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद मिळते. हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. एका बाजूला पेट्रोलचा धूर आठ-नऊशे अंशांपर्यंत तापतो आणि दुसऱ्या बाजूला ते ऑइल. ऑइल जुने, चुकीचे किंवा कमी असेल तर ते जळून काजळी धरते, नळ्या तुंबतात आणि दांडा खिळखिळा होतो. टर्बो आपोआप फारसा मरत नाही, बहुतेक वेळा ऑइल त्याला मारते.

कंपनीच्या पुस्तिकेत ऑइल बदलायची मुदत पंधरा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी दिसेल. माझे मत विचाराल तर कोंढवा ते हिंजवडी रोज रांगत जाणाऱ्या गाडीला ही मुदत फार लांब आहे. तिथे किलोमीटर कमी पडतात, पण इंजिन तासन् तास चालू असते. सात-आठ हजारांवर ऑइल आणि फिल्टर बदललेला बरा. ऑइलही डब्यावर गाडीच्या पुस्तिकेतला मंजुरीचा क्रमांक पाहूनच घ्यावे, दुकानदार ‘हे पण चालते’ म्हणाला म्हणून नव्हे. खंबाटकी किंवा खंडाळ्याचा घाट जोरात चढून आलात आणि लगेच चहाला थांबलात तर चावी फिरवण्याआधी मिनिटभर इंजिन तसेच चालू द्या. सकाळी गाडी सुरू करताच जोरात पळवू नका. एवढ्या दोन सवयींनी टर्बोचे आयुष्य बरेच वाढते आणि त्यांना पैसा लागत नाही.

व्हेंटोची खरी दुखरी जागा इंजिनात नाही, गिअरबॉक्समध्ये आहे. १.२ टीएसआयला सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स येतो. त्यात दोन कोरडे क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच दुसरा तयार ठेवलेला असतो, म्हणून गिअर बदललेला कळतही नाही. मोकळ्या रस्त्यावर याचे सुख वेगळेच. पण स्वारगेटच्या किंवा हडपसरच्या गर्दीत गाडी इंच-इंच सरकते तेव्हा हे क्लच सतत घासत राहतात, आणि कोरडे असल्याने त्यांना थंड करायला ऑइल नसते. ते झिजले की सुटताना गाडी थरथरते. याहून महाग दुखणे मेकॅट्रॉनिकचे. क्लच आणि गिअर हलवणारा तेलाच्या दाबाचा आणि इलेक्ट्रॉनिक्सचा हा एकच संच. तो बिघडला तर गिअरची खूण लुकलुकते, गाडी ठरावीकच गिअर घेते किंवा चौकात उभी राहते. नवा टाकायचा तर खर्च लाखाच्या पुढे जाऊ शकतो.

ही तक्रार पुण्यापुरती नाही. मार्च २०१३ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या गिअरबॉक्सचा विषय काढला आणि काही दिवसांतच फोक्सवॅगनला तिथल्या ३ लाख ८४ हजारांवर गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधले सिंथेटिक तेल काढून मिनरल तेल भरायचे ठरवले, कारण उष्ण व दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांत त्या तेलाने विजेचा बिघाड होऊ शकत होता. पुण्याचा उन्हाळा आणि पुण्याची वाहतूक आठवा. म्हणून २०१३-१४ ची गाडी घेताना गिअरबॉक्सचे तेल बदलले का, मेकॅट्रॉनिक किंवा क्लच कधी बदलला, याचा कागद मागा. बदललेला असेल तर ती वाईट खूण मुळीच नाही. मी तर अशा गाडीला चार पैसे जास्त देईन.

गर्दीत ती चालवण्याची पद्धतही थोडी वेगळी. ब्रेक अर्धवट दाबून सरकत राहू नका. पूर्ण दाबला की क्लच सुटतो आणि घासणे थांबते. पुढे एक-दोन गाड्यांची जागा झाली की मग सोडा. मागचा हॉर्न वाजवील, वाजवू द्या. चढावर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, त्यासाठी ब्रेक आहे.

ज्यांना ऑटोमॅटिक हवी पण ही धास्ती नको, त्यांच्यासाठी २०२० नंतरच्या व्हेंटो आणि रॅपिड आहेत. त्यांत १.० लिटरचे तीन सिलिंडरचे टर्बो इंजिन आहे आणि ऑटोमॅटिकमध्ये डीएसजीऐवजी जुन्या धाटणीचा, टॉर्क कन्व्हर्टरचा सहा गिअरचा बॉक्स. किंमत जास्त पडेल, पण रोज गर्दीत जाणाऱ्या घराला मी हीच सुचवीन. २०२२ पासूनची व्हर्टस १.५ आता जुन्या बाजारात दिसू लागली आहे. तिच्या ऑटोमॅटिकमध्ये मात्र पुन्हा सात गिअरचा डीएसजीच आहे.

लिनिया टी-जेटचे दुखणे वेगळे. तिला साधा हाती गिअर, म्हणजे वरची सगळी कटकट नाही. इंजिन दणकट आहे. पण फियाट नावाने इथे गाड्या विकणे केव्हाच थांबले. रांजणगावातून आता जीप निघतात. फिल्टर, ब्रेकचे पॅड अशा वस्तू नाना पेठेत मिळून जातात. दिवे, बंपर, काचा, टर्बोचे नळ यांसाठी मात्र हिंडावे लागते आणि गाडी महिनाभर गॅरेजात उभी राहू शकते. घरातली एकुलती एक गाडी म्हणून ती घ्यायला मी सांगणार नाही. तिचा टायमिंग बेल्ट रबराचा आहे, तो किलोमीटर कमी असले तरी वयाने कडक होतो. तुटला तर व्हॉल्व्ह वाकून इंजिनाचे हेड उतरवायची पाळी येऊ शकते. कधी बदलला याचा पुरावा नसेल तर बदललेला नाही असेच धरा. शिवाय २०१० च्या गाडीच्या नोंदणीची पंधरा वर्षे भरली आहेत. आरटीओची तपासणी, नोंदणीचे नूतनीकरण आणि पर्यावरण कर हे सगळे कोणी भरायचे ते व्यवहाराआधीच ठरवा.

पाहायला जाल तेव्हा सकाळी जा आणि मालकाला गाडी आधी सुरू करू नका असे फोनवर सांगून ठेवा. पोहोचल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर का, ते विचारा. थंड इंजिन सुरू होताना साखळीसारखा खडखडाट काही क्षण टिकला, किंवा सायलेन्सरमधून निळसर धूर आला, तर किंमत पाडण्यात वेळ घालवू नका, दुसरी गाडी पाहा. कूलंटची टाकी उघडून पाहा. त्यात नुसते नळाचे पाणी दिसले तर बाकी देखभालही तशीच झाली असणार. ट्रायलला सपाट गल्लीत ब्रेक हळू सोडून गाडी आपोआप कशी सरकते ते पाहा, नंतर चढावर रिव्हर्स घ्या. थरथर असेल तर इथे कळेल. सिटीप्राइड-बिबवेवाडीचा मोकळा चढ मिळाला तर जोर देऊन पाहा. शिट्टी किंवा फुसकारा वाढला तर हवेचा नळ कुठेतरी फाटला आहे.

स्कॅनर लावून घेणे टाळू नका. त्या कंपनीच्या गाड्यांचे काम करणारा मिस्त्री बरोबर न्या, त्याची दिवसाची मजुरी द्या. विक्रीआधी गाडीतल्या संगणकातले दोष पुसून टाकतात हे त्याला माहीत असते. क्लच किती उरला आहे याचे आकडेही तो काढू शकतो. इंजिनाचा संगणक बदलून ताकद वाढवलेली आहे का, हे त्याच्याकडून जरूर तपासा. तरुण पोरे हौसेने ते करतात आणि विकताना गप्प बसतात.

आणखी एक नवी काळजी म्हणजे पेट्रोल. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यासाठी तयार केलेले सुटे भाग नव्या गाड्यांत एप्रिल २०२३ पासून येऊ लागले. जुन्या गाडीतले रबरी नळ आणि सील दर सर्व्हिसला पाहून घ्यावेत. शिवाय टीएसआयमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडते, ते आतल्या व्हॉल्व्हवरून वाहत नाही, त्यामुळे तिथे काजळी साठते. कालांतराने ती साफ करावी लागते. लिनियाला हा त्रास नाही.

कागदांचे थोडक्यात सांगतो. आरसीवर बँकेचे नाव असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचे ना-हरकत पत्र आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. बाकी राहिलेले चलन पाहा. विमा आपल्या नावावर करा.

पैशांचा हिशेब मी असा मांडतो: हातात चार लाख असतील तर तीन लाखांचीच गाडी पाहा. उरलेले लाखभर अम्मीच्या ताब्यात द्या आणि पहिले वर्षभर त्याला टायर, क्लच, बॅटरीशिवाय कशालाही हात लावायचा नाही असे ठरवा. आल्याबरोबर सगळी तेले, कूलंट, स्पार्क प्लग आणि फिल्टर बदलून घ्या. मागचा मालक ‘कालच केले’ म्हणाला तरीसुद्धा.

कधीतरी ही गाडी आपण विकणार असतो. मदिनेच्या बाजारात धान्याच्या राशीत हात घालून वरच्या कोरड्या दाण्यांखालचा ओलावा दाखवून देणारे हजरत पैगंबर (स.) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. गाडीच्या बाबतीत तो ओलावा म्हणजे पुसलेले दोष आणि मागे फिरवलेला मीटर. थरथरणारा क्लच असेल तर गिऱ्हाइकाला सांगा, त्याच्या खर्चाइतके पैसे कमी घ्या आणि ऑइलच्या प्रत्येक बिलाची फाइल गाडीबरोबर द्या. ती फाइल असलेली गाडी पुण्यात लवकर विकली जाते.