मूत्राशयाची खिडकी

२१ जुलै १९५५. ग्लासगोजवळच्या रेन्फ्रूमध्ये बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर कारखान्यात दोन मोटारी शिरल्या. डिक्क्यांमध्ये होत्या शस्त्रक्रिया करून काढलेल्या गर्भाशयाच्या आणि बीजांडकोशाच्या गाठी! घेऊन आले होते प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. इयन डोनाल्ड. पोलादातली भेग ध्वनिलहरींनी हुडकणारं यंत्र मांसातलंही काही सांगतं का, हे त्यांना पाहायचं होतं. तुलनेसाठी कारखान्याने मांसाचा तुकडाही आणून ठेवला होता. भरीव गाठ आणि पाण्याची गाठ यांचे प्रतिध्वनी वेगवेगळे आले.

टॉम ब्राउन हा तरुण अभियंता आणि डॉ. जॉन मॅकव्हिकार यांच्याबरोबर डोनाल्ड यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये लेख लिहिला. पण सुरुवातीच्या आठवड्यांतला गर्भ काही दिसेना. गर्भाशय ओटीपोटात खोल, वर आतड्यांतला वायू, आणि वायूतून या लहरी पलीकडे जात नाहीत.

डॉक्टर हतबल होत ते नेमके याच आठवड्यांत. दिवस गेल्यावर पहिल्या तीन महिन्यांत चौघींतल्या साधारण एकीला डाग लागतात किंवा रक्त जातं. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणींचं पुढे सगळं नीट होतं. पण कोणाचं? गर्भ गेल्यावरही काही काळ लघवीची तपासणी ‘आहे’ म्हणायची. मग पडून राहा, वाट पाहा. अमेरिकेत डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक सर्रास दिलं जाई. त्याचा उपयोग नाही, हे शिकागोतल्या चाचणीत १९५३ सालीच दिसलं होतं, तरी ते चालूच राहिलं. आईच्या पोटात असताना ते औषध मिळालेल्या काही मुलींना ऐन तारुण्यात योनीचा दुर्मीळ कर्करोग झाल्याचं १९७१ मध्ये उघडकीला आलं. इलाज केला आईवर, भोवला लेकीला.

१९६३ च्या सुमारास डोनाल्ड यांना युक्ती सापडली. मूत्राशय तुडुंब भरलं की आतडी बाजूला सरकतात आणि लहरी पाण्यातून थेट गर्भाशयापर्यंत पोचतात. जणू आत डोकावायला खिडकीच. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर बाटलीभर पाणी पिऊन, लघवी दाबून बसलेल्या आपल्याकडच्या बायकांनी या शोधाची किंमत भरपूर मोजली आहे.

ग्लासगोच्याच ह्यू रॉबिन्सन यांनी १९७२ मध्ये सातव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाच्या हृदयाची हालचाल टिपून दाखवली. पुढच्याच वर्षी गर्भाची लांबी मोजून त्याचं वय काढण्याची रीत दिली. आता रक्त किती गेलं यापेक्षा ठोके आहेत का, हे आधी पाहता येऊ लागलं. ठोके दिसले तर बहुतेक गर्भ टिकतात. पिशवी वाढूनही आत गर्भच नसेल, तर महिनाभर अंथरुणाला खिळूनही तो येणार नाही. अशा वेळी बहुधा गुणसूत्रांतच बिघाड असतो. ती जिना चढली, तिने हंडा उचलला, ही सासरची कारणं तिथे लागू पडत नाहीत.

गर्भाशय रिकामंच दिसलं तर मात्र तीन शक्यता उरतात: दिवस मोजण्यात चूक, गर्भ आधीच पडून गेलेला, किंवा गर्भ नळीत रुजलेला. नळी फुटली तर रक्त पोटातच साचतं. म्हणून रक्त जाताना एका बाजूला जोराची कळ, खांद्यात दुखणं किंवा भोवळ आली, तर सोनोग्राफीची तारीख बघत बसायचं नाही, तडक रुग्णालय गाठायचं. १९८० च्या दशकात योनीमार्गातून तपासणारा प्रोब आला आणि असा गर्भ अधिक लवकर सापडू लागला. या तपासणीसाठी मूत्राशय रिकामं लागतं.